डागजातो डॉट कॉमचा लिलाव

आमच्या हिचं नाव इंटरनेटवरून उतरलं, हे मला कॉफीच्या डागामुळे कळलं.

सकाळी मेहुणीचा फोन आला. मेहुणी म्हणजे हिची धाकटी बहीण. दुसऱ्या गावी असते आणि स्वतःच्या नवऱ्याला ज्या आवाजात रागावते त्याच आवाजात मलाही रागावते. तिच्याकडे पाहुणे आले होते, म्हणून तिने शेजारणीकडून टेबलावर अंथरायचा पांढरा कपडा उसना आणला होता. पाहुण्यांमध्ये एक फार मोठे गृहस्थ होते. त्यांना हात हलवून बोलायची सवय होती. व्हायचं ते झालं. आता दुपारी शेजारीण कपडा न्यायला येणार होती आणि मेहुणीला कॉफीचा डाग कसा काढायचा ते बघायचं होतं.

"भाओजी, ताईची साइट उघडत नाही," ती म्हणाली. "बुटांच्या जाहिराती येतायत."

मी म्हटलं, तुझा फोन बिघडला असेल. ती म्हणाली, फोन तुम्हीच घेऊन दिलाय. तेव्हा मी माझ्या फोनवर पाहिलं. खरंच बूट होते. काळे, तपकिरी आणि एक जोड हिरवा. त्यांच्या वर एक ओळ होती: हे नाव विकत मिळू शकेल, चौकशी करा. शेवटी तिने डाग आतल्या बाजूला येईल अशी घडी घातली आणि कपडा शेजारणीला देऊन टाकला. त्या दोघींचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

आता ही साइट काय होती ते सांगतो. आमची ही शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे काही ना काही अंगावर सांडायचंच, त्यामुळे रोज घरी येताना ती एक नवा डाग घेऊन यायची आणि तो काढल्याशिवाय जेवायला बसायची नाही. असं वर्षानुवर्षं केल्यावर तिने साइट काढली. एका डागाला एक पान. नाव ठेवलं डागजातो डॉट कॉम. मी म्हटलं होतं, 'डाग घालवा' ठेव, जरा जोर येईल. ती म्हणाली, "जोर दिला की लोक घासतात." घासणाऱ्या माणसांवर तिचा राग होता. तिच्या मते निम्मे कपडे डागाने जात नाहीत, मालकाने जातात.

ती गेल्यापासून मी रोज चहाबरोबर त्यातलं एक पान वाचत असे. मला डागांची आवड आहे अशातला भाग नाही. पण ती लिहायची अगदी बोलायची तशी. 'तेलाचा डाग पडला तर ओरडू नका, तेल ऐकत नाही,' हे वाक्य आधी आमच्या स्वयंपाकघरात माझ्यासाठी तयार झालं होतं आणि मग जगासाठी छापलं गेलं. असं पान वाचलं की चहा संपेपर्यंत घरात कोणीतरी बोलल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी चहा समोर होता आणि फोनवर बूट होते. मला ते नाव परत हवं होतं. या गोष्टीत पुढे जो गोंधळ झाला त्यात बऱ्याच जणांचा वाटा आहे, पण हवं होतं ते मला.

नाव गेलं कसं, हे कळल्यावर मला कोणावर रागावावं ते समजेना. त्या नावाचं दरसालचं भाडं तिच्या कार्डातून आपोआप जायचं. ती गेल्यावर मी नियमाने वागणारा माणूस म्हणून बँकेत जाऊन कळवलं. बँकेतल्या बाईंनी माझं कौतुक केलं. म्हणाल्या, लोक कळवतच नाहीत हो, वर्षानुवर्षं खाती तशीच चालू ठेवतात. मी मान ताठ करून घरी आलो. बँकेने कार्ड बंद केलं. मग नाव विकणाऱ्या कंपनीने भाडं मागितलं, कार्डाने दिलं नाही. कंपनीने तिच्या ईमेलवर पत्रावर पत्र पाठवलं. तिने एकही वाचलं नाही, हे ओघानेच आलं. तात्पर्य, मी नियम मोडला असता तर नाव राहिलं असतं.

मी जन्मभर यंत्रांच्या सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये नोकरी केली. तिथे वस्तू एकतर असते किंवा नसते. नसली तर मागवायची, आली की मांडणीवर ठेवायची, नेणाऱ्याची सही घ्यायची. दिसत नाही, हातात येत नाही, पण कोणीतरी उचलून नेलं की उरत नाही, असा माल आमच्याकडे कधी आला नव्हता. म्हणून मी खालच्या मजल्यावर गेलो. तिथे दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे आणि त्यांची स्वतःची साइट आहे.

त्यांच्या खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडून पडले होते. डॉक्टरीणबाईंनी काम न थांबवता मला सगळं समजावलं. "काका, घर शाबूत आहे. काकूंनी लिहिलेलं सगळं जागच्या जागी आहे, त्या जागेचं भाडं अजून भरलेलं आहे. फक्त दारावरची पाटी उतरवलीय."

मी म्हटलं, मग लावू परत. त्या म्हणाल्या, पाटी आपली नसते, भाड्याची असते. भाडं चुकलं की कंपनी ती काढून घेते आणि दुसऱ्याला देते. दुसरी पाटी लावली तर? चालेल की, त्या म्हणाल्या, पण जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला ती दिसणार नाही, तो बुटांपाशीच थांबेल. खुर्चीतले गृहस्थ यावर बराच वेळ काहीतरी बोलले. तोंडात कापूस असल्याने त्यांचं मत आम्हाला मिळालं नाही.

मी कंपनीला लिहिलं. साइटच्या कोपऱ्यात एक चौकोन असतो, त्यात लिहायचं. पलीकडून लगेच उत्तर आलं की आपली मदत करायला आम्हाला आनंद होईल, खातेदाराने स्वतःच्या ईमेलवरून विनंती करावी. मी कळवलं की खातेदार माझी पत्नी असून ती हयात नाही. उत्तर आलं: आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. त्या वर्षात माझं पुष्कळ लोकांनी पुष्कळ शब्दांत सांत्वन केलं होतं, पण गैरसोय हा शब्द कोणी वापरला नव्हता. नंतर विचार करता तो इतका काही चुकीचा वाटला नाही.

मग मला मालकी बदलण्याचा अर्ज पाठवण्यात आला. त्यात कारण निवडायचं होतं. विक्री होती, कंपन्यांचं विलीनीकरण होतं, विवाह होता, घटस्फोट होता. मरण नव्हतं. या लोकांचे खातेदार बहुधा मरत नसावेत. मी 'इतर' निवडलं. त्याबरोबर खालून एक ओळ उगवली: खातेदाराची लेखी संमती जोडा.

शेवटी मी त्यांना फोन केला. वाजंत्री बराच वेळ ऐकवून झाल्यावर एक माणूस आला. त्याने मला अत्यंत आदराने 'बाई' म्हणून हाक मारली, कारण त्याच्या समोरच्या पडद्यावर हिचं नाव होतं. मी खुलासा केला. तो म्हणाला, खातेदार संमती देऊ शकत नसतील, तर तसं त्यांच्याकडून लिहून आणा. आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण पुढचं तो हळू आवाजात आणि माणसासारखं बोलला. म्हणाला, काका, कागदांच्या मागे लागू नका, मुदत टळून गेली आहे. पुढच्या आठवड्यात हे नाव लिलावात निघेल. बोली लावा, सगळ्यांना मुभा आहे. नाहीतर दुसरं नाव घ्या, नावांना काय तोटा?

सगळ्यांना मुभा आहे, हे ऐकून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. माझ्या बायकोने ठेवलेलं नाव मी भर बाजारात, बूटवाल्यांच्या रांगेत उभं राहून मागायचं. मी स्टोअरमध्ये असताना माझ्या सहीशिवाय खिळा हलत नसे.

आता आमच्या इमारतीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं खरं वाटणार नाही. आमच्याकडे मदत करायची एक रीत आहे. विचारायचं नाही आणि सांगायचं नाही. विचारून केली तर ती मदत कसली, सांगून केली तर तो मोठेपणा, असं सगळ्यांचं मत. त्यामुळे जिन्यातला बल्ब गेला की घराघरांतून गुपचूप बल्ब येतात आणि एकमेकांचे काढून आपापला लावतात. पाण्याची टाकी एकदा एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या माणसांनी स्वतःच्या खर्चाने धुवून घेतली होती. सकाळच्याने भरलेलं स्वच्छ पाणी दुपारच्याने ओतून दिलं. ही गेली त्या आठवड्यात तर माझ्या दाराबाहेर जेवणाचे डबे असे लागले होते की मला दार उघडून बाहेर पडता येईना. एकानेही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं. मी ते सगळं खाल्लं, कारण कोणाचा डबा भरलेला परत गेला असता तर त्यांना वाईट वाटलं असतं.

माझी बातमी डॉक्टरीणबाईंकडून आमच्या सेक्रेटरींकडे गेली. यांना सगळे ठराव म्हणतात. मागे कधीतरी जिन्यात मांजर व्यायलं तेव्हा त्यांनी मांजराच्या अभिनंदनाचा ठराव मांडला होता, तेव्हापासून. तोंडावरही ठरावच म्हणतात आणि ते ओ देतात. ते संध्याकाळी आले. त्यांच्या मागोमाग वरच्या मजल्यावरचे सर आले. सर तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले आहेत आणि त्यांना अजून वर्ग भरल्यासारखा वाटतो. दवाखाना बंद करून डॉक्टरीणबाईही आल्या. लिलावाच्या भानगडीत पडू नये, नवीन नाव घ्यावं, असं सर्वांचं मत पडलं. मी होय म्हटलं. मनातून नव्हतं, पण तिघंजण चहा पीत असताना नाही म्हणायला बळ लागतं.

नाव शोधायची पद्धत सोपी आहे. एका चौकटीत नाव लिहायचं आणि बटण दाबायचं. नाव मोकळं असलं तर हिरवी खूण येते, कोणी घेतलेलं असलं तर लाल फुली. सरांनी इंग्रजीतून सुरुवात केली. स्वच्छ या अर्थाचा इंग्रजीत एकही शब्द मोकळा नव्हता. शुद्ध, निर्मळ, चकचकीत, सगळे गेलेले. सर म्हणाले, शब्दकोश विकला गेलाय. ठराव म्हणाले, एवढी सगळी स्वच्छता कोणी विकत घेतली असेल तर ती रस्त्यावर दिसत का नाही?

मग मराठीकडे वळलो. सरांनी 'वस्त्रशुद्धी' सुचवलं. हिरवी खूण. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतकं जड नाव वाचेपर्यंत डाग पक्का होईल. त्यांनी 'डागबाय' सुचवलं. हिरवी खूण. मला ते एखाद्या बाईच्या नावासारखं वाटलं, पण बोललो नाही. ठरावांनी डोळे मिटले आणि 'समस्तडागनिवारणकेंद्र' असं एका दमात सांगितलं. म्हणाले, केंद्र असलं की वजन येतं. ते टाइप करताना मध्येच चौकटीची जागा संपल्यासारखी वाटली, पण हिरवी खूण आली. मी माझं एक नाव मांडलं: 'डागगेला'. तेही हिरवं. यातलं कोणतं घ्यायचं यावर इतका वाद झाला की सगळ्यांनी विचार करून उद्या ठरवायचं ठरलं. मी रीतीप्रमाणे मेहुणीलाही फोन करून चारही नावं कळवली. तिने प्रत्येक नावाला नाक मुरडलं, ते मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी बसलो तर चारही नावांवर लाल फुली.

'डागगेला' गेलं, हे मी समजू शकलो. 'डागबाय' जगात आणखी कोणाला सुचलं असेल, असंही धरून चालू. पण 'समस्तडागनिवारणकेंद्र' हे नाव रातोरात दुसऱ्या माणसाच्या मनात यावं, हे आम्हाला कोणाला पटेना. खुद्द ठरावांनाही पटत नाही असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. ते खिडकीबाहेर बघत होते, हे मला आता आठवतं. सरांनी सिद्धान्त मांडला: आपण काय शोधतो ते कोणीतरी पाहतंय आणि नाव पळवून दामदुपटीने आपल्यालाच विकणार आहे. म्हणून यापुढे नाव मोठ्याने उच्चारायचं नाही. आम्ही कुजबुजायला लागलो. डॉक्टरीणबाईंनी माझ्या कानात 'डागटाटा' सांगितलं ते मला तीनदा ऐकावं लागलं. मी वाचनालयात जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर नावं शोधून आलो, म्हणजे माग लागू नये. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी मी काय लिहितोय ते वाकून पाहिलं आणि पर्स दुसऱ्या बाजूला घेतली.

उपयोग झाला नाही. जे नाव आम्ही पसंत करू, ते दुसऱ्या दिवशी लाल. सर म्हणाले, हा योगायोग नव्हे. तिथे मात्र ते बरोबर होते.

चार दिवसांत माझा नव्या नावांवरचा जीव उडाला. खरं सांगायचं तर बरं वाटलं. आता एकच वाट उरली होती आणि ती मला पहिल्यापासून हवी होती. लिलावात उतरायचं मी ठरवलं आणि कोणाला बोललो नाही. म्हटलं, हे माझ्या घरातलं काम आहे, यात इमारत नको. सगळ्यांना मी सांगितलं की नावाचा नाद मी सोडला. सगळे म्हणाले, योग्य केलंत. कोणी एका शब्दाने आग्रह केला नाही, याचं मला थोडं वाईटही वाटलं.

लिलावाच्या दिवशी जेवून मी कॉम्प्युटरसमोर बसलो. नियम वाचून ठेवले होते. शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली वाढवली तर वेळ आणखी पाच मिनिटं वाढते. बोली लावणाऱ्याचं नाव दिसत नाही, नुसता क्रमांक दिसतो. मी पहिली बोली लावली. रक्कम किरकोळ होती. मी पाणी प्यायला उठलो आणि परत आलो, तर दोन नंबरच्या बोलीदाराने माझ्यावर चढवली होती. मी वाढवली. तिसऱ्याने चढवली. मग चौथा आला, पाचवा आला.

एवढे लोक या नावावर टपून बसलेले पाहून आधी मला अभिमान वाटला. हिला सांगायला हवं होतं, असंही मनात येऊन गेलं. मग राग आला. दोन नंबर हा बूटवाला असणार, हे मी ठरवून टाकलं. मला तो दिसायलाच लागला. जाड, अंगठ्या घातलेला, एका हाताने खाणारा आणि दुसऱ्या हाताने बोली लावणारा. मी चढवली की तो चढवायचा. शेवटची पाच मिनिटं पुन्हा पुन्हा येत होती आणि पुन्हा पुन्हा वाढत होती. खाली डॉक्टरीणबाईंच्या यंत्राचा आवाज सारखा बंद पडत होता आणि सुरू होत होता. वरून सरांच्या येरझाऱ्या ऐकू येत होत्या. मी बूटवाल्याला उद्देशून मोठ्याने जे बोललो ते आमच्या स्टोअरमध्येही कधी बोललो नव्हतो.

तेवढ्यात बेल वाजली. दारात ठराव होते, हातात उघडा लॅपटॉप, कपाळावर घाम. म्हणाले, माझं नेट गेलंय, दोन मिनिटं तुमचं द्या, इमारतीचं अत्यंत निकडीचं काम आहे. मी वाद घालत बसलो असतो तर माझी पाच मिनिटं गेली असती, म्हणून त्यांना आत घेतलं. पासवर्ड सांगितला. ते माझ्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पाठमोरे बसले. मी बोली वाढवली. ठरावांनी कपाळावर हात मारला आणि खाडकन एक बटण दाबलं. माझ्या पडद्यावर आलं, आपल्या बोलीवर दुसरी बोली लागली आहे. मी दाबलं. ठरावांनी 'मेला' असं म्हटलं आणि दाबलं. माझ्यावर पुन्हा चढली.

मी उठून त्यांच्या मागे गेलो आणि पाहिलं.

"तुम्ही?" मी म्हटलं.

त्यांनी वळून माझा पडदा पाहिला. "तुम्ही तर नाद सोडला होतात," ते म्हणाले.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"इमारतीच्या वतीने घेत होतो. ठराव आहे. सर्वानुमते."

"सभा कधी झाली?"

"जिन्यात झाली," ते म्हणाले. "मी एकटाच होतो."

खालचं यंत्र पुन्हा थांबलं होतं. आम्हा दोघांना एकाच वेळी काहीतरी सुचलं. मी खिडकीतून हाक मारली. डॉक्टरीणबाई मास्क गळ्यात आणि हातमोजे हातात अशा वर आल्या, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाल्या की काका, दोन मिनिटं थांबा, कोणीतरी एक नालायक माणूस मला काम करू देत नाहीये. मग त्यांनी आमचे दोन पडदे पाहिले. मग आम्हा दोघांकडे पाहिलं. नालायक हा शब्द त्यांनी परत घेतला, पण थोडा उशिरा. सरही खाली आले. त्यांनी एकच बोली लावली होती आणि तेवढ्यावरून ते या निष्कर्षाला पोचले होते की पलीकडे यंत्र आहे, कारण कोणताही विचारी माणूस अशा रीतीने वागणार नाही.

एकमेकांचे हात धरल्यासारखे आम्ही चौघं स्वस्थ बसलो. आता कोणी बटण दाबायचं नाही. सगळ्यांत वरची बोली माझी असावी म्हणून मी एकदा चढवून घेतली होती. पाच मिनिटं संपत आली. आणि बोली चढली.

म्हणजे बूटवाला खराच होता. ठराव म्हणाले, होऊन जाऊ दे, सगळे मिळून घालू. मी चढवली. तो चढला. पुन्हा चढवली, पुन्हा चढला, तोही विचार करायला क्षणभर न थांबता, जसा काही त्याचा जीव त्यात अडकला होता. या गोष्टीवरून माझ्या मनात एक शंका आली. बूट विकणारा माणूस असा झुंजणार नाही. एवढ्या रागाने पैसे उधळणारं माणूस मला एकच माहीत होतं. मी मेहुणीला फोन लावला.

"भाओजी, नंतर करा," ती म्हणाली. "मी कामात आहे."

"कसलं काम?"

"ताईचं नाव कोणीतरी मेला पळवतोय. मी चढवते तर तो चढवतो, मी चढवते तर तो चढवतो. हात झडोत त्याचे."

"तो मेला मी आहे," मी म्हटलं.



"वरची बोली आत्ता कोणाची आहे?" मी विचारलं.

"माझी."

"मग आता कशालाही हात लावू नकोस. मीही लावत नाही."

ती बरं म्हणाली. मग हसली. हसताना ती थेट हिच्यासारखी हसते. समोर असली तर चेहऱ्यावरून वेगळी कळते, फोनवर कळत नाही. मी फोन कानाशी धरून ठेवला. ठराव, सर आणि डॉक्टरीणबाई पडद्यावरच्या घड्याळाकडे ते संपेपर्यंत बघत राहिले.

बूटवाला कधी आलाच नव्हता. ते नाव जगात दुसऱ्या कोणालाही नको होतं. माझी पहिली किरकोळ बोली लागली होती, तेवढ्यात ते मिळालं असतं. आम्हीच त्याचा भाव आभाळाला नेला होता. मेहुणीने त्यातला वाटा घ्यायला साफ नकार दिला आणि यावर पुढे बोललात तर तोंड बघणार नाही, असं बजावलं. ठरावांनी तिच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. या खेपेला सभेला माणसं होती.

त्यानंतर ठराव जरा घुटमळले आणि म्हणाले की, एक सांगायचं राहिलं, 'समस्तडागनिवारणकेंद्र' माझ्याकडे आहे. तुमच्यासाठीच घेऊन ठेवलं होतं, वाढदिवसाला देणार होतो. 'वस्त्रशुद्धी' सरांकडे निघालं. सर म्हणाले, माझ्यापुरतं मला माहीत होतं, पण बाकीची नावं चोरीला गेली हे मी प्रामाणिकपणे मानत होतो. 'डागबाय' आणि 'डागटाटा' दोन्ही डॉक्टरीणबाईंकडे. 'डागगेला' मेहुणीकडे. आमच्यामागे लागलेला तो चोर आमच्याच घरी रोज चहा पीत होता. आता ती सगळी नावं डॉक्टरीणबाईंनी जोडून दिली आहेत. त्यातलं कोणतंही लिहिलं तरी आमच्या हिच्या पानावर जाऊन पोचता येतं. 'समस्तडागनिवारणकेंद्र' आजवर कोणी लिहिलेलं नाही. ठराव मात्र अधूनमधून लिहून बघतात.

पाटी परत लागल्यावर पहिल्या सकाळी मी चहा घेऊन बसलो आणि पान उघडलं. बूट नव्हते. हिचं पहिलं पान होतं, जसंच्या तसं. त्यात खाली एक चौकट आहे आणि तिच्यावर तिने लिहिलेलं आहे: 'तुमचा डाग मला कळवा. दोन दिवसांत मी स्वतः उत्तर देते.'

लोक कळवतात, आणि डॉक्टरीणबाईंनी सोय करून दिल्यापासून ती पत्रं माझ्या ईमेलवर येतात. दुपारपर्यंतच दोन पत्रं आली होती. एकाला शर्टावर लागलेल्या गंजाचं हवं होतं. एका बाईंनी लोकरीच्या शालीवर मेण सांडल्याचं लिहिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं, ताई, तुम्ही कशा आहात? गंजाचं तिच्या पानात होतं, ते मी उतरवून पाठवलं. शालीचं पान नव्हतं. मी त्या बाईंना सध्या घासू नका एवढंच लिहिलं. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही.

सर म्हणतात, ते विधान आता असत्य आहे, ते तिथे राहू नये. ठरावांनी 'संस्थापिकांच्या पश्चात' असा मजकूर सुबक अक्षरात करून आणून दिला आहे. डॉक्टरीणबाई काही म्हणत नाहीत, पण कसं बदलायचं ते त्यांनी मला हळूच दाखवून ठेवलं आहे, सोपं आहे. मेहुणीने ताईने तिला सांगून ठेवलेला साइटचा पासवर्ड मला दिला आणि म्हणाली, भाओजी, हे तुम्ही करा, माझ्याने होणार नाही. मी दोनदा तिथपर्यंत गेलो. एकदा 'मी स्वतः' एवढे शब्द पुसलेही, आणि पुन्हा लिहिले.

ते वाक्य अजून बदलायचं राहिलं आहे.